हौद्याखालचा संशय

सुरतेजवळच्या पलसाण्याच्या चार रस्त्यावर उभं राहून "मला पिकअपच्या हौद्याखाली एक कप्पा करून घ्यायचाय" असं कुणी म्हणालं, की समोरचा माणूस आधी आवाज खाली आणतो आणि मग विचारतो, "किती पेटीचा?" लांबी-रुंदी विचारत नाही. फूट आणि इंच ही मापं प्लॉटला. कप्प्याचं माप पेटीत. एका पेटीत मोठ्या बाटल्या १२, हाफ २४, क्वार्टर ४८. हा पाढा इथे ज्याने जन्मात ताकाखेरीज काही घेतलं नाही अशा माणसालाही पाठ असतो.

यात पलसाण्याचा दोष नाही. असलाच तर भूगोलाचा आहे. मुंबईहून दिल्लीकडे जाणारा ४८ नंबरचा महामार्ग आणि हजिऱ्याहून निघून धुळे, नागपूर करत पार ओडिशाच्या किनाऱ्याला पोचणारा ५३ नंबरचा, हे दोघे इथे एकमेकांना आडवे जातात. ४८ने दक्षिणेला शंभरेक किलोमीटर गेलं की दमण. ५३ने पूर्वेला बारडोली, व्यारा, सोनगढ मागे टाकलं की नवापूर, म्हणजे आपला महाराष्ट्र. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर निम्मं इकडे, निम्मं तिकडे. फलाटावरच्या एका बाकाच्या मधोमध राज्याची हद्द जाते. खिशात बाटली असलेल्या माणसाने त्या बाकाच्या कुठल्या टोकाला बसावं, हा वकिलीच्या परीक्षेला घालण्याजोगा प्रश्न आहे.

अशा दोन वाटा जिथे मिळतात, तिथे गाडीच्या पोटात काय आहे याचं कुतूहल वाढणारच. शिवाय परिसर पवित्र. एका अंगाला बारडोली, जिथल्या १९२८च्या सत्याग्रहात वल्लभभाई 'सरदार' झाले. दुसऱ्या अंगाला, नवसारीच्या पलीकडे, दांडी. त्यात गुजरातेत दारूबंदी. मूळ कायदा १९४९चा, मुंबई दारूबंदी कायदा. १ मे १९६० ला मुंबई राज्याची वाटणी झाली तेव्हा तो दोन्ही भावांना सारखाच आला. गुजरातने तो देव्हाऱ्यात ठेवला आणि महाराष्ट्राने त्याच कायद्यातून परमिट रूम काढली. महाराष्ट्रात आजही प्यायला कायद्याने परवाना लागतो, ही गोष्ट चार जण बसलेल्या टेबलावर सांगून पाहावी. लोक तुमचाच ग्लास काढून घेतात. गुजरातेत परवाना मिळतो तो तब्येतीच्या कारणावरून, वयाची चाळिशी उलटल्यावर आणि डॉक्टरांच्या समितीपुढे उभं राहून. म्हणजे आपल्याकडे डॉक्टर ज्या कारणासाठी दारू सोडायला सांगतात, त्याच कारणासाठी इथे ती मागावी लागते. २०१७ मध्ये कायदा आणखी आवळला आणि शिक्षा १० वर्षांपर्यंत गेली. २०२३च्या डिसेंबरात गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत तो थोडा सैल सोडला, पण गिफ्ट सिटी कुठे आणि पलसाणा कुठे. दारूबंदी असलेल्या वर्ध्या-गडचिरोलीच्या वाचकांना हा सगळा प्रकार समजावून सांगायला नकोच.

तर या मुलखात आमचे थोरले साडू, नाना, यांना प्रामाणिक कप्पा हवा होता.

नाना मूळचे अमळनेरकडचे, आता सुरतेतल्या लिंबायतला. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागात कुणी जळगावचं, कुणी धुळ्याचं, कुणी नंदुरबारचं. तिथे हरवलेल्या माणसाला पत्ता अहिराणीत विचारला तरी चालतो. नानांची बोलेरो पिकअप कडोदरा-पलसाण्याच्या प्रोसेस मिलमध्ये ग्रे कापडाचे ताके पोचवते आणि सीझनला खानदेशातून केळी आणते. माणूस इतका निर्व्यसनी की लग्नात वऱ्हाडी नाचायला लागले की हा चपला राखतो. त्यांना कप्पा हवा होता तो चोरांमुळे. ढाब्यावर तासभर डोळा लागला की ताडपत्री जाते. ताडपत्री राहिली तर दोर जातो. जॅक, पाना, हवेचा पाईप, एकदा तर शेवभाजीचा डबा गेला, आणि डबा जाणं नानांना सर्वांत लागलं, कारण चोराने भाकरी परत ठेवली होती. केबिनमध्ये ठेवावं तर ड्रायव्हर, क्लीनर, पाण्याचा कॅन आणि देव यांच्यानंतर तिथे फक्त हवा मावते. म्हणून हौद्याचा तळ सहा इंच उचलायचा, खाली सपाट कप्पा, मागचा फाळका पाडला की ड्रॉवरसारखा बाहेर येणारा, वर चांगलं ठसठशीत कुलूप. साधी गोष्ट.

महामार्गालगत वेल्डिंगच्या टपऱ्यांची रांग आहे. तिथला एक मिस्त्री नावाजलेला. कशासाठी नावाजलेला ते कुणी सांगत नाही, यावरूनच कळतं. नानांनी आपली कल्पना सांगितली. मिस्त्रीने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं, मग हौद्याकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. नऊ फूट बाय साडेपाच, उंची अर्धा फूट, म्हणजे साधारण सातशे लिटरची जागा. मिस्त्रीचे ओठ हलत होते. गुणाकार लिटरचा नव्हता.

"ढक्कन दिखेगा नहीं, सेठ," तो म्हणाला.

"दिखना चाहिए," नाना म्हणाले.

इथे दोन चांगली माणसं एकमेकांना कायमची दुरावली. मिस्त्रीच्या मते झाकण दिसणारा कप्पा म्हणजे कामातला हलगर्जीपणा. तो समजावू लागला: वरून बोटं वाजवली तरी पोकळ आवाज येणार नाही, आत कापूस दाबून देतो. नाना म्हणाले, आवाज येऊ दे. नव्या वेल्डिंगवर जुन्या पत्र्याचा गंज चढवून देतो. नाना म्हणाले, रंग दे, पिवळा दे. बिजागऱ्या आतून घेतो. नाना म्हणाले, बाहेरून घे, मोठ्या घे, दाराला असतात तसल्या. मिस्त्रीने शेवटी ग्राइंडर खाली ठेवला आणि अतिशय दुःखाने विचारलं, "तो फिर छुपाएगा क्या?"

"ताडपत्री."

मिस्त्री हसला. चांगली थाप ऐकली की कारागीर माणूस कारागिराला देतो ती दाद त्या हसण्यात होती.

खरं तर लपवण्याच्या या कलेत आपला इतिहास काही कमी नाही. मराठी माणसाच्या मनातला सर्वांत यशस्वी मालवाहू कप्पा म्हणजे १६६६च्या ऑगस्टातला आग्र्याचा पेटारा. त्यात तळाखाली तळ नव्हता, पत्रा नव्हता. होती ती सवय. मिठाईचे पेटारे रोज जायचे, पहारेकरी रोज उघडून बघायचे, बघून बघून कंटाळले, आणि मग जे जायचं ते गेलं. कप्पा वेताचा नसतो की लोखंडाचा नसतो, पहारेकऱ्याच्या कंटाळ्याचा असतो, हे तेव्हाच सिद्ध झालं. उलट बाजूचं उदाहरणही पलसाण्यापासून हाकेच्या अंतरावरचं आहे. त्याच्या अडीच वर्षं आधी, जानेवारी १६६४ मध्ये, सुरतेच्या वीरजी व्होरासारख्या बड्या सावकारांनी आपलं धन घरात पुरून ठेवलं होतं. सुरतेच्या लुटीत मराठ्यांनी जमीन खणून ते काढलं. कुठे खणायचं हे मराठ्यांना कसं कळलं असेल? पैसा पुरणारा एकटा कधी पुरतो का? खड्डा खणायला गडी, दिवा धरायला दुसरा गडी, आणि "कुणाला सांगू नकोस" असं ज्याला सांगितलं तो तिसरा. गडांवरच्या चोरदरवाज्यांचं तर आता असं आहे की बहुतेक ठिकाणी त्याच्याकडे बाण दाखवणारी पाटी असते आणि पर्यटक तिथे उभे राहून फोटो काढतात.

पलसाण्यातही हेच. गुजराती वर्तमानपत्रात आठवड्याला एखादी तरी बातमी 'चोरखाना'ची असते. कांद्याच्या गोण्यांखाली, दुधाच्या टँकरमध्ये, रुग्णवाहिकेत, पिकअपच्या दुहेरी तळात. बातमीचं पहिलं वाक्य ठरलेलं, "बातमीच्या आधारे वॉच ठेवला असता". ही बातमी म्हणजे खबर. पत्रा ठोकून, टेप लावून, बाहेरची उंची आणि आतली उंची यांची वजाबाकी करून कप्पा सापडतो खरा, पण आधी त्या गाडीपाशी जायचं हे कुणीतरी फोनवर सांगितलेलं असतं. कप्पा ज्याने वेल्ड केला त्याला माहीत, ज्याने रंगवला त्याला माहीत, ज्याने मागच्या वेळी पैसे कमी दिले म्हणून काम सोडलं त्या क्लीनरला तर फारच माहीत. आणि मालकाचं काय? एवढी देखणी चीज करून घेतल्यावर ती कुणालाच दाखवायची नाही, हे ज्याला जमतं तो माणूस दारूच्या धंद्यात येत नाही, हिमालयात जातो.

बातमीसोबतचा फोटोही पाहण्यासारखा असतो. मागे पिकअप, पुढे जमिनीवर बाटल्यांची मांडामांड. मोठ्या मागे, छोट्या पुढे, टिन कडेला. मुद्देमाल इतका नीट मांडलेला असतो की रुखवताची आठवण यावी. मध्ये तोंडावर रुमाल बांधलेला आरोपी उकिडवा, दोन बाजूंना छाती काढून उभे असलेले जवान. या सगळ्यांत आरामात फक्त बाटल्या दिसतात. पुढे कोर्टाचा हुकूम झाला की हाच माल मोकळ्या मैदानात पसरून त्यावर रोड रोलर फिरवतात. ते बघायला गर्दी होते. एकदा मीही त्या गर्दीत उभा होतो. पुढच्या रांगेत एक सत्तरीचे काका काठी टेकून उभे. रोलर सरकत होता, काच कुरकुरत होती, वारा आमच्या दिशेचा होता. काकांनी डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. शेजारच्याने विचारलं, "त्रास होतोय का काका?" काका म्हणाले, "नाही रे. थोडं पुढे सरकू दे."

अमेरिकेने हा सगळा प्रकार १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षं करून पाहिला. तिथे दुहेरी तळाच्या गाड्या आल्या, पोलिसांना हुलकावणी देणारे ड्रायव्हर आले, आणि दारूबंदी संपली तरी त्यांचा वेग काही संपेना म्हणून गाड्यांच्या शर्यती सुरू झाल्या; नॅसकारची मुळं तिथपर्यंत जातात. आता तर कंपन्याच कप्पे देतात. होंडाने रिजलाइन नावाच्या पिकअपला २००५ मध्ये हौद्याच्या तळाखाली झाकणाची, कुलपाची डिकी दिली, आणि खाली पाणी जायला बूच. हे बूच कशासाठी? तर डिकीत बर्फ भरायचा, बर्फात बाटल्या रोवायच्या, आणि सहल संपली की वितळलेला बर्फ सोडून द्यायचा. कंपनी हे जाहिरातीत सांगते. ती गाडी भाटिया टोल नाक्यावर आणून उभी करावी आणि माहितीपुस्तक साहेबांच्या हातात द्यावं. साहेब त्या पुस्तकाचाच पंचनामा करतील.

आपल्याकडे त्यात मोटार वाहन कायदाही आहे. १९८८च्या त्या कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की गाडीच्या मूळ नोंदीशी जुळणार नाही असा बदल मालकाने करू नये. नानांनी आरटीओतल्या एजंटाला विचारलं, तळाखाली ड्रॉवर केला तर चालतं का? एजंट हळूच म्हणाला, "किती पेटीचा?"

अखेर कप्पा झाला. मिस्त्रीने निम्मं ऐकलं, निम्मं आपल्या मनासारखं केलं. बिजागऱ्या बाहेरून घेतल्या, पण कापूस गुपचूप भरलाच. हात शांत बसेना. चेकर प्लेट, चॅनल, खाली बेअरिंगवर सरकणारा खण. एका बोटाने ओढलं तर गाण्यासारखा बाहेर येई. नानांनी पिवळा रंग दिला, वर लाल अक्षरांत 'औजार' लिहून घेतलं. लिंबायतला गाडी आली त्या संध्याकाळी गल्ली जमली. नानांनी खण ओढून दाखवला: ताडपत्री, दोर, जॅक, डबा. लोकांनी माना डोलावल्या. गर्दी पांगल्यावर एकेक जण परत आला. जो कधी ओळख देत नव्हता तो म्हणाला, "नाना, पुढच्या महिन्यात पोराचं लग्न आहे, धुळ्याची पाव्हणे मंडळी येणार." एवढंच म्हणाला आणि भुवया उडवल्या. भिशीत नानांना आजवर शेवटचा नंबर मिळायचा. त्या महिन्यात लोकांनी आपण होऊन पहिला दिला. वहिनींना तर बायका घरी बोलावून चहा पाजू लागल्या. "तुमचं बरं आहे बाई आता," असं म्हणत. वहिनींनी नानांना सरळ विचारलं, "खरं सांगा, काय शे त्या खणमा?" नाना म्हणाले ताडपत्री. वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत.

रस्त्यावर वेगळीच तऱ्हा. पहिल्यांदा बॅटरी चमकली, गाडी बाजूला घेतली, हवालदाराने पिवळा खण पाहिला. नानांनी विचारायच्या आत उघडला. हवालदाराने ताडपत्री उलगडली, जॅकखाली हात घातला, डबा हुंगला. चेहऱ्यावर आधी निराशा आली, मग विचार, आणि मग त्या विचारातून एक नवीनच तेज.

"आनी नीचे शुं छे?" त्याने विचारलं. याच्या खाली काय आहे?

बिनतोड मुद्दा होता. जो माणूस एवढा ठळक कप्पा करून त्यावर नाव घालतो आणि न विचारता उघडून दाखवतो, त्याने खरा कप्पा दुसरीकडे कुठेतरी केलेलाच असणार. खणाचा तळ वाजवला. तिथे मिस्त्रीचा कापूस. आवाज आला तो असा घट्ट, गुळगुळीत, धंदेवाईक, की हवालदाराने साहेबांना हाक मारली. टेप आली. बाहेरून उंची, आतून उंची, वजाबाकी. पाऊण इंच हिशेबात बसेना. पत्रा उचकटला. कापूस निघाला. कापसाखाली काय, तर हौद्याचा जुना पत्रा आणि त्याखाली स्टेपनी. साहेबांनी कापूस हातात घेऊन नानांकडे पाहिलं. "हा कशाला?" नानांना उत्तर नव्हतं. निर्दोष माणसाकडे अशा वेळी उत्तर नसतंच. ते तयार ठेवायची सवय ज्यांना असते ते वेगळे.

त्यानंतर उन्हाळ्यात माहेरहून वहिनींचं कैरीचं लोणचं निघालं. दोन मोठ्या बरण्या. केबिनमध्ये ऊन लागतं, वर हौद्यात केळीचे घड, म्हणून बरण्या खणात. सोनगढच्या पुढे रस्त्याचं काम, तिथे एक दणका बसला. पलसाण्याच्या अलीकडे गाडी थांबवली तेव्हा मिस्त्रीने पावसाचं पाणी जायला पाडलेल्या भोकांतून लालभडक काहीतरी ठिबकत होतं. साहेब तेच. त्यांनी वाकून एक थेंब बोटावर घेतला. वास घेतला. मोहरीचा झटका थेट मेंदूत गेला आणि त्यांना सात शिंका आल्या. "केरीनुं अथाणुं छे, साहेब," नाना म्हणाले. साहेबांनी डोळे पुसले, दुसरा थेंब घेतला, या वेळी जिभेवर. मग शांतपणे म्हणाले, "आत लसूण आहे का?" फुटलेल्या बरणीचा पंचनामा झाला नाही, पण धड राहिलेली बरणी निम्मी झाली. तिथे उभ्या असलेल्या चारही जणांना रात्रपाळीचा डबा होता आणि तोंडी लावायला काही नव्हतं.

आता त्या नाक्यावर नानांची गाडी ओळखीची झाली. थांबवतात, पण लोणचं आहे का एवढंच विचारायला. आग्र्याच्या पेटाऱ्याला जे साधलं होतं ते नानांना आपोआप साधलं आहे, हे माझ्या लक्षात आलं. मी ते नानांना सांगितलं नाही. दुसऱ्या एकाच्या मात्र ते लक्षात आलंच. एक दिवस स्वच्छ पांढऱ्या कपड्यातला माणूस घरी आला, चहा घेतला, गाडीचं इंजिन पाहिलं नाही, टायर पाहिले नाहीत, कागद मागितले नाहीत. खण ओढला, एका बोटाने, आणि नव्या गाडीपेक्षा जास्त किंमत सांगितली. नानांना त्या रात्री झोप लागली नाही.

सकाळी ते पुन्हा मिस्त्रीकडे गेले. म्हणाले, खणाच्या दोन्ही बाजूंचा पत्रा काप आणि जाळी बसव. मोठ्या भोकांची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली. रस्त्यावरून चालणाऱ्यालाही आतली ताडपत्री दिसली पाहिजे.

मिस्त्री बराच वेळ काही बोलला नाही. मग आधी नाही म्हणाला, मग दुप्पट पैसे सांगितले, मग तेही मिळतायत म्हटल्यावर टपरीचं शटर अर्धं खाली ओढून काम केलं. जाळी बसली. गाडी निघाली तेव्हा तो खिडकीपाशी आला, इकडे तिकडे पाहिलं आणि नानांच्या कानाशी लागून म्हणाला, "सेठ, मेहरबानी करना. ये काम मैंने किया है, किसी को बोलना मत."